प्याद्याचा घोडा

मुंजाजी : न्हाई न्हाई, थांब. तू हरलीस ती हितंच. तेविसाव्या चालीला हत्ती पुढं घ्यायचा व्हता.

आकांक्षा : आबा, हरले न्हाई मी. बरोबरी झाली.

मुंजाजी : जिल्ह्यातून एकच पोरगी पुढं जाणार, अन् ती तू न्हाईस. मंग त्याला काय म्हणावं?

आकांक्षा : हत्ती पुढं घेतला असता तर तिचा घोडा मधात येऊन शह देतो. राजा हलवला की हत्ती गेला.

मुंजाजी : काहून जाईल? राजानं अडीच घरांची उडी मारायची. एकडाव चालते.

आकांक्षा : तिथं न्हाई चालत.

मुंजाजी : आपल्यात चालते.

रुक्माबाई : आपल्यात म्हंजे तुमच्या पारावर. भाकरी निवून राहिल्या, आवं. हिंगोलीहून स्पर्धा खेळून आल्यापासून नातीचं जेवणात ध्यान न्हाई. शेवट तरी सांगू द्या तिला.

मुंजाजी : सांग. शेवटी पटावर काय उरलं?

आकांक्षा : दोघींचे राजे, अन् माझं एक प्यादं.

मुंजाजी : अन् ते अडलं.

आकांक्षा : पोचलं.

मुंजाजी : पोचलं? कोन्या घरात?

आकांक्षा : घोड्याच्या.

मुंजाजी : हात्तिच्या! ज्याच्या घरात प्यादं पोचलं, तेच ते व्हते. मंग घोडाच झाला असंल. एकल्या घोड्यानं मात कशी व्हणार? एक घर तिकडं असतं तर हत्ती भेटला असता. नशीब, दुसरं काय!

आकांक्षा : हं. नशीब.

रुक्माबाई : अन् बाकीच्या पोरींची प्यादी कोन्या घरात पोचत व्हती गं?

आकांक्षा : जाऊ दे न आजी.

रुक्माबाई : सांग म्हणते न.

आकांक्षा : कोन्याबी घरात पोचलं तरी वजीर करता येते. मला मागून कळलं. तिनं हार मानायला हात पुढं केला व्हता, आबा. मी घोडा ठेवला, अन् तिनं हात मागं घेतला.

(मुंजाजींनी चष्मा काढला. साऱ्या हट्टा गावात कुणालाच हार न गेलेला गडी, पण आता पटाकडं बघायची छाती होईना. उगाच धोतराच्या सोग्यानं काचा पुसत बसले.)

मुंजाजी : पारावर माझ्यासंगं खेळणारा रत्नपाल मास्तर बी हेच म्हणायचा. चाळीस वर्षं तो वजीर मागून राहिला, अन् म्या त्याला घोडे-उंट देऊन राहिलो.

रुक्माबाई : वरून गावभर सांगून राहिले, मास्तरला खेळता येत न्हाई म्हणून.

मुंजाजी : पन पोरी, तू पंचाला सांगायचं न, आमच्या आबानं असं शिकवलं!

आकांक्षा : विचारलं त्यांनी, कोनी शिकवलं म्हणून. सगळे हसून राहिले व्हते.

मुंजाजी : मंग?

आकांक्षा : मी म्हणलं, कोनीच न्हाई. माझी मीच शिकले.