तात्यांचा फोटो

चहा घ्या, पण आधी तात्यांचं ऐका. आमच्या पिंपरी पेंढारचे तात्या मोबाईलवर काहीतरी बघून म्हणाले, "वर तारेबिरे काय नाय. चंद्रावरचे फोटू बघ, आभाळ काळंकुट्ट! तारे आपल्या हवेतच चमकत्यात. उद्या पोरीच्या शाळेत जातो अन् मास्तरला सांगतो, पुस्तक चुकलंय."

पोर रडकुंडीला आली. "काका, बाबांना आवरा ना!"

तात्यांना आवरणार कोण? ट्रॉलीचा हूक जोडायला आम्ही जुन्नरला सलीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो, तर तिथंही तात्यांचं तेच सुरू. सलीमभाईंनी शांतपणे विचारलं, "फोटू काढला तवा चंद्रावर ऊन व्हतं का?"

"व्हतं की, लख्ख!"

"मग डोळे मिटून माझ्या मागं उभे राहा. भाऊ, तुमी समोरनं आमचा दोघांचा फोटू काढा."

वेल्डिंगचा लखलखाट झाला, मी मोबाईलवर फोटो काढला. मधोमध पांढरा गोळा, बाकी सगळा काळोख. दुकान नाही, ट्रॉली नाही.

सलीमभाईंनी मोबाईल तात्यांपुढं धरला. "फोटूत तुमी कुठंच नाय, राव. मग उद्या शाळेत जाणार कोण?"