चौथ्या पिढीचं ताट

आमच्या बाबांपुढे घराण्याचा विषय काढू नये, हे तुम्ही सगळे अनुभवाने जाणता. त्यांच्या चुलतबहिणीने, सुमनआत्याने, आम्हाला हवाईला बोलावलं, तेव्हा डोंबिवली सोडल्यापासून त्यांचा एकच हेतू होता: आत्याच्या तिथल्या सुनेला, लेलानीला, आपल्या कुळाची रीतसर ओळख करून देणं.

"पोर गुणी आहे," ते विमानात म्हणाले, "पण तिकडे पिढ्याबिढ्या कोण लक्षात ठेवतंय?"

दुसऱ्याच दिवशी लेलानीच्या आजींकडे जेवण होतं. बाबांनी उभं राहून वडील, आजोबा आणि पणजोबा यांची नावं सांगितली आणि ते समाधानाने बसले. मग आजींनी डोळे मिटले आणि आपल्या पूर्वजांची नावं एका लयीत म्हणायला सुरुवात केली. मी चौदापर्यंत मोजली; त्यापुढे मोजणं मला औचित्याला धरून वाटलं नाही.

डोळे उघडून त्यांनी बाबांना विचारलं, "तुमच्या पणजोबांचे वडील कोण?"

बाबा आत्याकडे वळले. "सुमन, त्यांना सांग, श्राद्धाला आपण तीनच पिढ्यांना जेवायला बोलावतो. चौथ्याचं नाव लागतच नाही."

आत्याने ते इंग्रजीत सांगताच आजींचा चेहरा उतरला. "म्हणजे बाकीचे उपाशी?"

त्यांनी लगेच एक ताट वाढून बाबांच्या शेजारी ठेवलं आणि ते कोणाच्या नावाने ठेवायचं हे बाबा सांगतील, या अपेक्षेने त्या त्यांच्याकडे पाहू लागल्या.

बाबांच्या पलीकडे बसलेली आई आत्याला म्हणाली, "वन्सं, त्यांना म्हणावं, पोटभर वाढा. फक्त नाव विचारू नका."