आई अंदमानला गेलीच नाही

...नाही पण तुम्हीच सांगा, माणूस कुठे गेला तर त्याचा पुरावा असतो, तिकीट असतं, बोर्डिंग पास असतो, हॉटेलचं बिल असतं... पण माणूस गेला नाही, घरीच बसला, वरण-भात खाऊन झोपला, याचा पुरावा काय असतो हो? आणि बँकवाली मला फोनवर नेमका तोच मागून राहिली! "सर, आपने यात्रा नहीं की, इसका कोई डॉक्युमेंट होगा आपके पास?" मी म्हटलं, दीदी, आम्ही गेलोच नाही हो!

सांगतो, सुरुवातीपासून सांगतो. माझी आई, अनसूयाबाई, सत्तरी उलटली, विमानात कधी बसली नाही. तिची एकच इच्छा, अंदमान बघायचं. मी जबलपूरला, खमरियाच्या फॅक्टरीत, संपदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, शाळेत शिकवते. दोघांनी सुट्ट्या जुळवल्या, ऑनलाइन एक टूर कंपनी शोधली, क्रेडिट कार्डावर तिघांचं बुकिंग केलं. कंपनीनं आधीच तीन पिवळ्या टोप्या पाठवल्या, वर कंपनीचं नाव हे एवढं मोठं! आईनं टोपी घातली आणि सगळ्या इस्टेटभर, म्हणजे आमच्या फॅक्टरीच्या कॉलनीभर, फिरून आली. महिला मंडळात सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मंदिरातल्या पुजाऱ्याला सांगितलं. देवाला तर सांगितलंच असेल.

आणि बॅगा भरून झाल्यावर कंपनीचा फोन. "टूर कॅन्सल है सर, ऑपरेशनल रीज़न।" अच्छा, मग पैसे? "पैसे नहीं सर, अगले सीज़न में आ जाइए।" त्यानंतर जो फोन बंद झाला, तो बंदच.

मी फॅक्टरीत तोंड पाडून बसलो होतो. आमच्या सेक्शनचा आलोक म्हणे, "भैया, पेमेंट कार्ड से किया था न? तो रो काहे रहे हो? बँक में डिस्प्यूट डालो! सर्व्हिस नहीं मिली तो बँक उनसे वापस ले लेगी।" मला तर माहीतच नव्हतं असं काही असतं! फॉर्म भरला, कॅन्सलचा मेसेज जोडला, आणि तुम्हाला सांगतो, थोड्याच दिवसांत कार्डावर पैसे जमा! मी पेढे आणले. संपदा म्हणाली, "अहो, खाली बारीक अक्षरात 'तात्पुरते' लिहिलंय." मी म्हटलं, जगात सगळंच तात्पुरतं आहे, तू पेढा खा.

आणि एक दिवस पैसे गायब! बँकेला फोन लावला. फोनवर कोणी मेघना. आवाज इतका गोड, की भांडायला सुरुवात कुठून करावी तेच कळेना. "सर, मैं आपकी असुविधा समझती हूँ। मर्चंट ने, यानी टूर कंपनी ने, जवाब दिया है कि यात्रा हुई है।" हुई है? मी ओरडलो, आम्ही गेलोच नाही हो! माझी फॅक्टरीतली हजेरी बघा, बायकोची शाळेतली हजेरी बघा! ती म्हणे, "जी सर, वो तो ठीक है। आप दोनों नहीं गए। लेकिन माताजी तो गई हैं न?"

माताजी?

"जी, मर्चंट ने उनकी फेसबुक पोस्ट भेजी है।"

मी फेसबुक उघडलं. आई! पिवळी टोपी, डोळ्यांवर गॉगल, मागे निळंशार पाणी, आणि खाली लिहिलेलं, 'अखेर अंदमान! सागरा, तुला नमस्कार.' वर कंपनीचं नाव टॅग केलेलं! दोनशे लाइक!

तुम्ही म्हणाल, हे पाणी कुठलं? अहो, आमच्या जबलपूरजवळचं, नर्मदेवरचं बरगी धरण! आणि फोटो काढला कोणी? माझ्याच बायकोनं! म्हणे, "आई फार उदास होत्या, म्हणून टूरच्या त्या रविवारी, तुम्ही झोपेत असताना, पहाटेच गाडीनं हवा खायला नेलं. टोपी त्यांनीच आणली होती. मला काय माहीत त्या फोटो कुठे टाकतील?"

आईला विचारलं, काहून केलंस तू असं? आई म्हणाली, "अरे, सगळ्यांना सांगून बसले होते. काय तोंड दाखवू? म्हटलं, मुला-सुनेला सुट्टी मिळाली नाही, मी ग्रुपबरोबर चालले." आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला! टूरच्या त्या दिवसांत आई खिडक्यांचे पडदे ओढून घरात काहून बसून राहिली होती? अंगणात येत नव्हती, भजन हळू म्हणत होती, खोकला आला की तोंडावर उशी! मी समजलो होतो तिला कणकण आहे. अहो, ती अंदमानमध्ये होती!

हसू नका. मला पण हसू आलं, पण मग तिच्याकडे बघवेना.

मी म्हटलं, आई, एक काम कर, बँकेला दोन ओळी लिहून दे, की फोटो बरगीचा आहे. आणि ती पोस्ट पण दुरुस्त कर. आई ताडकन उठली. "मुळीच नाही! पैसे गेले तर जाऊ दे. माझं नाक जायचं नाही." मी रागावलो, समजावलं, हात जोडले. घरात अबोला. तिकडे मेघना रोज, "सर, माताजी का कुछ मिला?" मी म्हणायचो, दीदी, माताजी गेल्याच नाहीत हो! पण ते माताजींना पटवा न कोणीतरी!

आणि अशात एक दिवस आमच्या शेजारच्या हेमलताकाकू आल्या, हातात मोबाइल. "अनसूया, तुझ्या फोटोनं सगळ्या बाया पेटल्या बघ! मंडळ अंदमानला जाऊन राहिलं, तुझ्याच कंपनीबरोबर. उद्याच्या बैठकीत सगळ्या पैसे भरणार. काय ग, चांगली आहे न कंपनी?"

चहाचं पातेलं उतू गेलं, तरी आई तिथंच उभी. काकूंनीच गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आल्हाद, मला मंडळात सोड. आणि तू बाहेर थांब." मी बाहेर थांबलो, म्हणजे खिडकीशी थांबलो. आत पंधरावीस बाया. आई उभी राहिली, पदर सावरला, म्हणाली, "कोणी पैसे भरू नका. मी अंदमानला गेले नाही. ती कंपनी लबाड आहे आणि मी पण खोटं बोलले. ते बरगी आहे."

पंख्याचा आवाज तेवढा.

मग हेमलताकाकू हळूच म्हणाल्या, "म्हणजे... तू मला अंदमानचा म्हणून जो शंख दिलास..."

"ग्वारीघाटचा," आई म्हणाली.

"तरीच! मी म्हणते, अंदमानच्या शंखावर 'हर हर नर्मदे' काहून लिहिलंय!"

आणि जी काही हसली हो मंडळी! आई पण हसली, रडली, परत हसली. हेमलताकाकूंनी तिला जवळ घेतलं, म्हणाल्या, "वेडे, आमच्यापाशी बोलायचं न! इतके दिवस खिडक्या बंद करून गुदमरून गेली असशील." मग त्यांनीच कागद मागवला. 'अनसूयाबाई त्या तारखांना जबलपुरातच होत्या, त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही स्वतः ऐकल्या,' असं लिहून सगळ्यांनी खाली सह्या ठोकल्या. आईनं फेसबुकवर दुरुस्ती टाकली, 'हे बरगी आहे, क्षमस्व.' त्याला सहाशे लाइक! अंदमानपेक्षा जास्त!

सगळं बँकेला पाठवलं. आणि एके दिवशी मेघनाचा फोन, "बधाई हो सर, केस आपके पक्ष में क्लोज़ हुआ है। और सर... माताजी को मेरा प्रणाम कहिएगा।" पैसे आले. या वेळी बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचली. कायमचे आले!

चलो, सुटलो म्हटलं. संध्याकाळी घरी येतो तर काय, हॉलमध्ये सगळं महिला मंडळ बसलेलं, पोहे चाललेले. हेमलताकाकू म्हणाल्या, "ये रे आल्हाद! आमचं ठरलं. अनसूयेला घेऊन सगळ्या जणी अंदमानला जाऊन राहिलो. दुसरी कंपनी शोधली, चांगली आहे म्हणतात. बुकिंग तुझ्या कार्डावर करायचं."

माझ्या? काहून माझ्या?

"अरे, तुझं कार्ड फार गुणी आहे. जाणं नाही झालं तर पैसे परत देतं!"

मी म्हटलं, काकू, आणि झालं तर?

काकूंनी पोह्यांवर लिंबू पिळलं, आईकडे बघितलं, आई छताकडे बघून राहिली...

"झालं तर काय, महिन्याच्या महिन्याला थोडं थोडं देऊ न आम्ही. तू काय कुठे पळून जाणारेस?"

...बुकिंग झालं. कार्ड आता आईच्या पाकिटात असतं.