मनात वाचलेलं नाव

आमच्याकडे एम.कॉम.चा निकाल कसा लागला ते सांगते. नापास झाले तर ह्यांनी मिठागरावर बसायचं, असं ठरलेलं. पेपरात पास झालेल्यांची नावं छापून आली, पण बघायचं धाडस होईना. पेपर माझ्या हातात देऊन हे ओटीवर पाठमोरे बसले.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "वाच गो, मोठ्यानं."

मी शेवटपर्यंत वाचलं. ह्यांचं नाव कुणाला ऐकू आलं नाही.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "गेला माजा पोर मिठागरावर."

मी हळूच म्हटलं, "आई, मधलं एक नाव मी मनात वाचलं."

"मनात कशाला?"

"तुमच्यासमोर कसं घेऊ?"

"अगो, घे आता!"

हे पाठमोरेच म्हणाले, "आडनावासकट घे."