या वेळी खळ घट्ट केली

दि. ०२/०७/२०२५, सकाळी ११.२० वाजता
पोलीस ठाणे, बेलखंडी, जि. अहिल्यानगर

जयमाला प्रशांत भिंगारदिवे, वय ४१ वर्षे, शिक्षण दहावी पास, धंदा घंटागाडी चालवणे व नोटिसा डकवणे (ठेकेदारामार्फत, नगरपंचायत बेलखंडी), रा. सिद्धार्थनगर, प्रभाग क्र. ९, बेलखंडी.

मी वरील ठिकाणी राहणारी असून, आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतःच्या पायांनी आले आहे. समक्ष विचारल्यावरून, कोणी पढवल्याशिवाय, सांगते ते असे की,

घरी मी व मुलगी दिशा, वय १९, अशा दोघी राहतो. दिशा राहुरीला कॉलेजात जाऊन-येऊन शिकते. पती प्रशांत हे सन २०१९ मध्ये वारले. सन २०२२ पासून मी सकाळी सहा ते अकरा घंटागाडी चालवते व दुपारी कार्यालयाचे कागद पोचवणे, नोटिसा लावणे ही कामे करते.

नगरपंचायतीचे कार्यालय अधीक्षक श्री. आप्पासाहेब दहातोंडे यांनी माझ्याविरुद्ध दि. १ जुलै रोजी दिलेला अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. त्यात असे आहे की, मी दि. ३ जून रोजी घंटागाडीच्या भोंग्याचा गैरवापर करून गावात अफवा पसरवली व सरकारी कामात अडथळा आणला. त्यावर माझे म्हणणे असे की, भोंग्यावर मीच बोलले. नऊही प्रभागांत बोलले. अफवा मात्र एकही पसरवली नाही. कार्यालयाचा सही-शिक्क्याचा कागद कार्यालयाच्याच भोंग्यावर अक्षर न अक्षर वाचला, तर त्यात अफवा कुठली? आणि भोंगा वाजला ३ जूनला, अर्ज आला १ जुलैला. मधले अठ्ठावीस दिवस साहेबांच्या कानात काय होते, ते त्यांनाच विचारावे. हे वरातीमागून घोडे कशासाठी, ते मी पुढे सांगणार आहे.

नोटीस लावण्याची आमच्याकडची पद्धत मला विचारण्यात आली. ती अशी. लोकांच्या हरकती मागवायची नोटीस निघाली की ती त्या-त्या प्रभागात भिंतीवर लावायची. मोबाईलवर फोटो काढायचा. दोन पंचांच्या सह्यांचा पंचनामा करायचा. हे पंच म्हणजे कार्यालयातलेच दोन शिपाई, म्हणजे उंदराला मांजर साक्ष. त्यानंतर नोटीस भिंतीवरून काढून कार्यालयात परत आणायची. त्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ मुद्दाम पातळ करायची, म्हणजे कागद न फाटता निघतो. मुदत संपली की फाइलवर शेरा पडतो, "एकही हरकत प्राप्त झाली नाही." ही पद्धत मला पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आली. तिला सगळे "नेहमीसारखं" म्हणतात.

दि. २ जून रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास दहातोंडे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून नोटीस दिली व म्हणाले, "जयमाला, नऊ नंबरात लावायची हाय. नेहमीसारखं. गाजावाजा नको." मी नोटीस वाचत नसते. वाचायची सवयच ठेवली नव्हती. परंतु नऊ नंबर म्हणजे माझेच घर, म्हणून त्या दिवशी वाचली. शहराच्या आराखड्यातला सिद्धार्थनगरला जाणारा नऊ मीटर रुंदीचा रस्ता वगळायचा ठरला असून, कोणाची हरकत असल्यास ती दि. २ जुलैपर्यंत लेखी द्यावी, असे त्यात होते. मुदतीत हरकत न आल्यास कोणाचे काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल, असेही होते. मी ती दोनदा वाचली.

सदर रस्ता कसा आहे असे विचारल्यावरून सांगते की, सिद्धार्थनगरात चाक जाईल अशी ती एकच वाट आहे. दुसरीकडे ओढा आहे. त्यावर फरशी टाकलेली आहे, तिच्यावरून माणूस जातो, गाडी जात नाही. पावसाळ्यात माणूसही जात नाही. हा रस्ता आराखड्यात पहिल्यापासून होता, पण सन २०२१ मध्ये त्यावर मुरूम पडला. त्याआधी तिथे काटेरी कुंपण होते.

पती प्रशांत यांच्या छातीत दुखू लागले ती तारीख २८ ऑगस्ट २०१९. रुग्णवाहिका ओढ्याच्या पलीकडे येऊन थांबली होती. आम्ही त्यांना बाजेवर घालून ओढ्यातून नेले. पाणी मांडीपर्यंत होते. पलीकडे जायला पाऊण तास लागला. श्रीरामपूरच्या वाटेवर ते गेले. याबाबत मला आणखी काही सांगायचे नाही.

रस्ता वगळून काय होणार आहे असे विचारले असता, नोटिशीत ते लिहिलेले नाही. रस्त्याला लागून एक मंगल कार्यालय उभे राहत आहे व त्याला गाड्या लावायला जागा कमी पडते, हे उभे गाव जाणते. ते मंगल कार्यालय कोणाचे, हे मला विचारलेले नाही म्हणून मी सांगत नाही. जबाब लिहून घेणारे हवालदार श्री. अजिनाथ गर्जे यांना ते माहीत आहे. हे वाक्य लिहायचे का, असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, लिहा.

त्या दिवशी मी घरी जाऊन खळ शिजवली. या वेळी खळ घट्ट केली. संध्याकाळी पाच वाजता समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर नोटीस चारही कडा दाबून लावली, फोटो काढला, पंचनाम्यावर सह्या झाल्या. नोटीस काढली नाही. दुसऱ्या दिवशी दोन शिपाई पत्र्याची पट्टी घेऊन खरवडायला आले होते. भिंतीचा रंग निघाला, नोटीस निघाली नाही. निम्मी अजून आहे, जाऊन पाहावी.

दि. ३ जून रोजी सकाळी घंटागाडीवरचे ओल्या-सुक्या कचऱ्याचे गाणे मी बंद केले व माईक हातात घेऊन नोटीस वाचली. आधी आमच्या प्रभागात वाचली. लोकांना पहिल्यांदा कळलेच नाही. आमच्या शेजारच्या कडूबाई, वय सत्तरच्या पुढे, बादली घेऊन आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं जयमाले, भोंग्यात आपल्या रस्त्याचं नाव कसं काय आलं? रस्ता कुनी मागितलाय व्हय?" मी म्हटले, "मागितला न्हाई मावशे, घेतलाय. तुमी काय बोलला न्हाई तर गेला समजा." कडूबाई म्हणाल्या, "मग आमी मुके हाय का?" त्यानंतर मी उरलेल्या आठ प्रभागांतही नोटीस वाचली, कारण त्यांच्याही भिंतींवरच्या नोटिसा मीच काढलेल्या आहेत. तेही मी भोंग्यावर सांगितले.

त्याच दिवशी दुपारी दहातोंडे साहेब मला म्हणाले, "तुला भाकरी गोड लागत न्हाई का? उद्यापासून गाडीची चावी जमा कर." मी लगेच चावी टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी बाजारपेठेत कचऱ्याचे ढीग लागले. चौथ्या दिवशी ठेकेदाराने चावी घरी आणून दिली. सदर गाडीचा गिअर अडकतो, तो दुसऱ्या कोणाला पडत नाही.

पुढे वस्तीतल्या १८६ जणांनी हरकती लिहिल्या. दिशाने मजकूर सांगितला, ज्याला लिहिता येते त्याने स्वतः लिहिला, बाकीच्यांनी अंगठे केले. दि. ३० जून रोजी मी तो गठ्ठा घेऊन आवक-जावकच्या टेबलावर गेले. दहातोंडे साहेब तिथे येऊन म्हणाले, "असा गठ्ठा घेता येत न्हाई. ज्याची हरकत त्यानं समक्ष यावं." मी म्हटले, तसे लेखी द्या. त्यांनी दिले. वस्तीतली निम्मी माणसे रोजंदारीवर आहेत, रोज बुडवून रांगेत कोण उभे राहणार, असा त्यांचा हिशेब असावा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी इथे अर्ज दिला व आज, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मला हजर राहण्याचा निरोप आला. मी नसले की कोणी जाणार नाही, असेही त्यांना वाटले असावे.

आज मला सकाळी अकराला बोलावले. जबाब सव्वाबारापर्यंत लिहिला. नंतर ठाण्याचे साहेब बाहेर गेले आहेत, थांबा, असे सांगण्यात आले. दुपारी साडेतीन वाजता पुढे लिहायला घेतले. मध्ये एकदा चहा दिला. कोणी अंगाला हात लावला नाही की अपशब्द बोलले नाही. हवालदार गर्जे मला म्हणाले, "ताई, लई ताणू नका. अनवधानाने झालं, दिलगीर हाय, एवढं लिहितो. दहातोंडे साहेब अर्ज माघारी घेत्यात. नोकरीबी राहील." त्यांनी "अनवधानाने" हा शब्द लिहिलाही होता. तो मी खोडायला लावला असून त्या जागी माझी सही आहे. घंटागाडी अनवधानाने नऊ प्रभाग फिरत नाही.

मला नोकरीची गरज आहे. घरात दुसरे कमावणारे नाही. ती गेली तर मला त्रास होईल, हे मी कबूल करते. भीती वाटते का असे विचारल्यास, सकाळी वाटत होती.

एका गोष्टीबद्दल मात्र मी स्वतःहून सांगते, कारण अर्जात ती नाही. तीन वर्षांत मी अकरा नोटिसा लावून, फोटो काढून, काढून आणल्या. एक पाण्याच्या टाकीच्या जागेची होती, एक बाजारपेठेतल्या ओट्यांची होती. एवढे कानावर आले होते. वाचली एकही नाही. त्या भिंतींमागे राहणाऱ्यांचे काय काय गेले ते मला माहीत नाही, आणि याची मला लाज वाटते. आंधळे दळते तसे मी दळले. माझ्यावर गुन्हा दाखल करायचाच असेल तर तो या अकरा नोटिसांचा करावा. मी नाही म्हणणार नाही. मात्र त्या काढायला कोणी सांगितले, हे त्या वेळी मला विचारावे लागेल, व मी नावे सांगेन.

आता सायंकाळचे ५.३५ झाले आहेत. कार्यालय सव्वासहाला बंद होते. मला सोडायची घाई नको, असे मी हवालदारसाहेबांना दुपारीच सांगितले होते. त्याचे कारण त्यांनी आत्ता विचारले. कारण असे की, हरकतींचा गठ्ठा माझ्याजवळ नाही. काल रात्रीच ज्याचा कागद त्याच्या हातात दिला आहे. साहेबांनी समक्ष या म्हणून लेखी दिले होते, म्हणून सगळे समक्ष गेले आहेत. सकाळी पावणेदहापासून रांग लागलेली आहे, पहिली पोच माझीच आहे व प्रत्येक जण आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेऊनच टेबल सोडत आहे.

हे लिहीत असताना दिशाचा फोन आला. परवानगी घेऊन तो मी सर्वांना ऐकू येईल असा लावला. ती म्हणाली, "आई, आपले झाले. कडूआजी शेवटची, एकशे शहाऐंशी. पण रांग हाय अजून. बाजारपेठेतली लोकं आलीत, टाकीजवळची आलीत. त्यांना त्यांच्या नोटिसा बघायच्यात." पाठीमागे बराच गलका ऐकू येत होता. हेही लिहून घ्यावे असे मी सांगितले व ते लिहिले आहे.

सदर जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर तो मी माझ्या डोळ्यांनी वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. दिलगिरीचा शब्द त्यात कुठेही नाही, याची खात्री करून सही करत आहे.

सही
जयमाला प्रशांत भिंगारदिवे

समक्ष
अजिनाथ गर्जे, पोलीस हवालदार
वेळ सायं. ५.५०