ज्याचा बिल्ला त्यानंच फिरवायचा

माजा गाव गुहागर तालुक्यातला, वेळणेश्वरच्या अलीकडं. बापूस चिऱ्याच्या खाणीवर व्हता, मीपण तिथंच शिकलो, पण चिऱ्याची खाण कितीही खोल गेली तरी डोक्यावर आभाळ असता, आणि मुंबईत जमिनीखालच्या रेल्वेचा बोगदा म्हंजे वारासुदा पंख्यानं खाली ढकलायचा, पंखा बंद तर माणूस खलास. हे ध्यानात ठेवा, मंग पुढचा सांगतो. मला तिथं नेलान युसूफनं. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातला, आखातात पाण्याच्या पंपावर काम करून आलेला, हातात घेतलेला काम अर्धा टाकून उठायचा नाय.

आता बिल्ल्याचा सांगतो. खाली उतरायच्या तोंडाशी एक फळा, त्याच्यावर प्रत्येकाच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला. एका अंगानं लाल, एका अंगानं हिरवा. खाली जाताना लाल करायचा, वर आलास की हिरवा. सगळे हिरवे झाले की पंखा बंद, आणि मंगच कामगारांची बस सुटणार. म्हंजे एक माणूस मागं राह्यला तर चाळीस माणसं बसमधी घामानं भिजत बसणार. मंग काय व्हायचा, काय सांगू तुमाला, आमी एकमेकांचे बिल्ले फिरवायचो. सुपरवायझर स्वतः सांगायचा, फिरव रे त्याचा, येतोय तो मागून. रोजचा झाला व्हता ता.

त्या दिवशी दुपारी युसूफ पाण्याच्या पंपाशी अडकला व्हता. डिझेलचा पंप, गाळानं तुंबलेला. सुपरवायझर मला बोलला, फिरव त्याचा, येतोय तो मागून. मी फिरवला. ह्या हातानं. बस निघाली, माज्या बाजूची जागा रिकामी, मी ओरडलो गाडी थांबवा, डायव्हर बोलला फळा हिरवा आहे, सगळे आले. सिग्नलला उडी टाकून पळत मागं गेलो. पंखा बंद, खाली पंप चालूच व्हता, धूर कोंडलेला, आणि युसूफ पंपाला टेकून बसलेला, जीव गेलेला. काम पुरा केला व्हता त्यानं.

आणि कंपनीनं काय लिवलान? कामगार वर आला व्हता, विनापरवाना परत खाली गेला. फळ्यावर हिरवा बिल्ला हा पुरावा. माजा डोका फिरला. चौकशीला गेलो, सांगितला, बिल्ला मी फिरवला, सुपरवायझरच्या सांगण्यावरनं. तो माज्यासमोर बसून बोलला, मी असा काय सांगितलाच नाय. तोंडावर बोलला मेला. रोज सांगायचा, आणि त्या दिवशी नाय? चौकशीच्या साहेबांनी मान हलवलानी आणि माजा बोलणा लिवलाच नाय.

युनियन त्याच्या आधी दोनदा काढायला बघितली व्हती. ओडिशाचे, झारखंडचे, आमी कोकणातले, कोणाचा कोणाशी जमायचा नाय, पुढं होईल त्याची बदली व्हायची. ह्या वेळी जमला. ठरवला काय, तर ज्याचा बिल्ला त्यानंच फिरवायचा, आणि आज कोणी फिरवायचाच नाय. पाळी सुटली, सगळे वर आलो, तोंडाशी बसलो. आमी सगळे वर आणि फळ्यावर सगळे खाली. पंखा बंद करता येईना, बस सोडता येईना, नवी पाळी उतरवता येईना. सुपरवायझर फळ्याकडं धावला तर सगळी माणसं उठून उभी राह्यली. त्याला विचारला, फिरव की, आता का फिरवत नायस? तीन दिवस बसलो. मंग मोठे साहेब आले, फळ्याशी युनियनचा माणूस राहील असा लिहून दिलानी. तीच आमची युनियन. लोकं इचारतात कधी स्थापन झाली, मी सांगतो, लाल फळ्यावर झाली.

पण युसूफचा कागद बदलला नाय. त्यात अजून तो वर आलेलाच आहे. अर्ज करून करून मी थकलो, राग काय थकत नाय. बोगदा पुरा झाला, मोठी माणसं आली, फिती कापलानी, फळा भंगारात टाकलानी. त्यातनं मी त्याचा बिल्ला काढून आणला.

गावात आलो तो पह्यला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको रुकय्या भाभी, तिला सगळा सांगितला, माज्या हातानं झाला ता पण.  ती बोलली, तुझा हात व्हता ता तू सांगितलास, बाकीच्यांचे हात कुठं गेले? मी बिल्ला तिच्यापुढं ठेवला. तिनं तो दाराच्या आत खिळ्याला लावलान, लाल बाजू वर करून. मी बोललो, भाभी, तुमी म्हणाल तर काढून टाकतो. तर बोलली, राहूंदे. तो खाली व्हता असा लिहून येईल त्या दिवशी मी फिरवीन, तू हात लावू नको.

अजून लालच आहे. तुमी जाताना बघून जा.