आठाचं पत्र

“सांगून कुणाला पटायचं नाही, पण माझ्या टपाल कचेरीत एक रुपयाची आणि तीन रुपयांची, अशी दोनच तिकिटं असायची. पाकिटावर जागा तीन तिकिटांपुरती. तेवढ्यात मी वाट्टेल ते पत्र पोचवलं!”

रांगेत पुढे उभ्या असलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांचं हे बोलणं ऐकून शिंपीणबाईंच्या जिवात जीव आला. आज खिडकीवरही तीच दोन तिकिटं उरली होती. शिवाय रुसलेल्या बहिणीच्या पाकिटावर त्यांनी पत्ता एवढा ठळक लिहिला होता, की तीनच तिकिटं मावली असती.

“पाच कसे करायचे हो, मास्तर?”

“तीन, एक, एक.”

“आणि सात?”

“तीन, तीन, एक. त्यात काय!”

“माझ्या पत्राला आठ लागतात. कमी पडले तर दंड बहिणीला बसेल. मग ती जन्मात बोलायची नाही माझ्याशी.”

मास्तरांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग छताकडे पाहिलं.

“आठाचं पत्र माझ्या उभ्या नोकरीत कधी आलंच नाही.”

“मग तीनाची तीनच लावते बाई. रुपया वर गेला तर गेला.”

“वर कशाला? माझ्या हातून कधी कुणाला कमी नाही, जास्त नाही!”

त्यांच्यामागे पिशवी धरून उभा असलेला त्यांचा भाचा म्हणाला,

“मामा, तुम्ही मला पाठवलेलं पत्र आठाचंच होतं. सात लावले होतेत. दंड मी भरला.”